वाफेचं पाणी आणि झू लिबोरियो

हे मी लिहिणारच नव्हते. तीनदा सुरू केलं, तीनदा पुसून टाकलं. एक तर यात मी अजिबात चांगली दिसत नाही. आणि ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला कळलं तर तो म्हणणार, "बघा, सांगत नव्हतो? फेर्रांदेसची पोरगी चहाडखोर आहे." पण सोमवारच्या बोटीने मी पालेर्मोला परत चाललेय, कॉलेज सुरू होतंय, आणि मंगळवारी आपल्या ट्रेकिंग ग्रुपमधले नऊ जण आमच्या बेटावर उतरतायत. मी निघणार आणि तुम्ही येणार. म्हणून एका दमात लिहून टाकते, चुका झाल्या तर झाल्या.

झू लिबोरियो. वय चौऱ्याऐंशी. झू म्हणजे काका, आमच्याकडे केस पांढरे झाले की माणूस सगळ्या पंतेल्लेरिया बेटाचा झू होतो. उंचीला माझ्या खांद्याएवढा, भर ऑगस्टमध्येही डोक्यावर लोकरीची टोपी, आणि सोबत एक गाढवीण. तिचं नाव बारोनेसा, म्हणजे सरदारीणबाई. तो तिला अहो-जाहो करतो. "चला बाईसाहेब, दमलात का?" आणि आम्हा सगळ्यांना "ए". बायको जाऊन अकरा वर्षं झाली. एक मुलगा, गास्पारे, बोटीने गाठायच्या त्रापानी शहरात, चौथ्या मजल्यावर राहतो. झूचं घर मोंते जिबेले डोंगराच्या पायथ्याशी, काळ्या दगडाचं, अगदी शेवटचं. तिथून पुढे रस्ता नाही, पायवाट आहे, आणि ती पायवाट माझी होती.

माझी म्हणजे, उन्हाळाभर मी राष्ट्रीय उद्यानाची हिरवी टोपी घालून काम केलं. आमचं बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. झोपलाय, पण घोरतो. दगडांच्या फटींतून वाफा येतात. आणि जवळजवळ सगळं बेटच आता उद्यानात आहे, म्हणजे लोकांची घरं, द्राक्षांचे मळे, कोंबड्या, सगळं. माझं काम होतं रोज सकाळी वाट चालून यायचं. दगडांवरच्या लाल-पांढऱ्या खुणा पुसट झाल्या असतील तर रंगवायच्या, ट्रेकर मोजायचे, चपला घालून डोंगर चढणाऱ्यांना परत पाठवायचं आणि धूर दिसला की फोन करायचा.

धूर. इथे थोडं थांबते. मी शाळेत होते तेव्हा डोंगराची एक अख्खी बाजू जळाली. आईचे केपरचे चार वाफे गेले, तिने वीस वर्षं वाढवलेली झुडपं, ज्यांच्या कळ्या आम्ही खारवून विकतो. आम्ही किनाऱ्यावर ओल्या चादरी डोक्यावर घेऊन बसलो होतो, आणि सगळे म्हणत होते की आग आपोआप लागत नाही. कुणी लावली ते कधीच कळलं नाही. तेव्हापासून बेटावर प्रत्येक जण प्रत्येकाकडे बघतो. सिगारेट न ओढणाऱ्याच्या खिशात लायटर दिसला की संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला माहीत. मीही याच बघण्यात वाढले. हे कारण म्हणून सांगत नाहीये. म्हणजे, सांगतेच आहे बहुतेक.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झू लिबोरियो मला पहिल्यांदा वाटेवर दिसला. सकाळचे साडेसहा. बारोनेसाच्या पाठीवर सुक्या फांद्यांचे दोन भारे आणि दोन्ही बाजूंना गोणपाटाने झाकलेले कॅन. मला बघून त्याने गोणपाट नीट ओढून घेतलं.

"नमस्कार, झू लिबोरियो! एवढं काय घेऊन निघालात?"

"का? तुला जकातीच्या नाक्यावर बसवलंय?"

"नाही हो, मी पार्कची..."

"पार्कची! तुझा आजोबा या झाडाखाली लघवीला बसायचा, तेव्हा कुठे होतं पार्क?"

"आजोबांचं राहू दे. कॅनमध्ये काय आहे?"

"हवा."

"काय?"

"हवा. आफ्रिकेवरून आलीय, ताजी. देऊ का पेलाभर?" आणि गाढविणीला, "चला बाईसाहेब, या पोरीला काम नाही."

मी तिथेच उभी. त्याने खरं सांगितलं असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. हवा म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय, एवढंच आलं.

संध्याकाळी आई केपर चाळत होती. लहान वेगळे, मोठे वेगळे.

"आई, झू लिबोरियो रोज पहाटे फांद्या घेऊन वर जातो."

"गाढवीला घालत असेल."

"सुक्या फांद्या? त्या कोण खातं?"

"बारोनेसा आहे ती. बड्या लोकांचं काय सांगावं."

"मस्करी नको गं. कॅनपण असतात. झाकलेले."

आईचा हात चाळणीवर थांबला. "कसले कॅन?"

"तेच तर. प्लास्टिकचे. पेट्रोलचे असतात ना, तसले."

तिने चाळणी खाली ठेवली. मग म्हणाली, "लिबोरियो तसला नाही. जाऊन सरळ विचार त्याला."

"काय विचारू? काका, आग कधी लावताय, म्हणजे मी त्या दिवशी रजा घेते?"

"मग मला कशाला विचारतेस? तुझं ठरलंय सगळं." पण त्या रात्री तिने अंगणातली नळी नेहमीसारखी गुंडाळून ठेवली नाही. जोडूनच ठेवली. ते मी बघितलं, आणि माझा संशय दुप्पट झाला.

मग मी त्याच्या मागावर राहिले. म्हणजे वाट चालायची सोडून पन्नास पावलं आत घुसायचं, जिथे वाफांची जागा आहे. आम्ही तिला फावारा म्हणतो. उघडा लालसर उतार, गंधकाचा वास, जमीन बुटातून पोळते, आणि दगडांच्या भेगांतून भसाभसा वाफ. तिथे मला फांद्यांचे तीन ढीग दिसले. कमरेएवढे. नीट रचलेले, वर दगड ठेवलेले. तुम्ही बेटावरचे असता तर तुम्हीही आधी वाऱ्याची दिशा बघितली असती. सुकी लाकडं, उतारावर, वाऱ्याच्या तोंडाशी, वर पाइनचं जंगल. आग लावायची जागा शोधायला सांगितली असती तर मीही हीच शोधली असती. ढिगांतून वाफ निघत होती. पण तिथे सगळ्यातूनच वाफ निघते, म्हणून त्याकडे मी लक्षच दिलं नाही. मी दहा फुटांवरून बघितलं. हात नाही लावला. पुरावा आहे म्हणून नाही लावला, इतकी मी शहाणी.

दुसऱ्या दिवशी वाटेपासून ढिगापर्यंत जाणाऱ्या चिंचोळ्या पायरस्त्यावर, दोन झुडपांच्या मधे, नडगीच्या उंचीवर काळा दोरा ताणलेला होता. शिवायचा दोरा. मी तो तोडला. म्हटलं हा पक्षी पण धरतोय वाटतं. तिसऱ्या दिवशी परत दोरा. परत तोडला. चौथ्या दिवशी दोरा होताच, वर जमिनीवरची राख-माती झाडून सपाट केलेली, जसं कुणी अंगण सारवून ठेवावं. मी त्यावरून चालत गेले आणि माझे बूट त्यात स्वच्छ उमटले, आणि मला वाटलं, हा माणूस स्वतःचे माग पुसतोय. किती मूर्ख असावं एखाद्याने!

तेवढ्यात ऑगस्टची वीस तारीख आली आणि हवामानवाल्यांनी सांगितलं, शुक्रवारपासून सिरोक्को. म्हणजे आफ्रिकेकडचा गरम वारा, तीन-चार दिवस, तोंडात वाळू येते. मला मंगळवारी झोप लागली नाही. बुधवारी मी तिन्ही ढिगांचे फोटो काढले, दोऱ्याचा काढला, लांबून झूचा आणि कॅनचा काढला, आणि ऑफिसात देऊन आले. अर्जात त्याचं नाव लिहिलं. वय लिहिलं. "एकटा राहतो, विचित्र वागतो" असंही लिहिलं. ते वाक्य मला अजून पाठ आहे.

गुरुवारी सकाळी जंगलखात्याची जीप आली. कालोजेरो आणि चालवायला एक नवा माणूस. कालोजेरोची निवृत्ती जवळ आलीय, पोट सुटलंय, पण आगीच्या वेळी तीन दिवस तो डोंगरावरून उतरला नव्हता, म्हणून त्याला सगळे मानतात. मी त्यांना जागा दाखवायला पुढे. छाती काढून चालत होते मी.

कालोजेरोने पहिला ढीग बघितला आणि "बाप रे" म्हणाला. मग दोन्ही हात आत घालून त्याने कवळाभर फांद्या उचलल्या आणि तसाच थांबला. त्याची बाही कोपरापर्यंत भिजली होती. त्याने फांद्या खाली ठेवल्या, बोट चाटलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला,

"ए नेल्ला. आग लावणारा माणूस लाकडं भिजवून ठेवतो का गं?"

फांद्यांच्या आतल्या बाजूने थेंब लोंबत होते, शेकडो. टपटप खाली एका तिरक्या दगडावर पडत होते, दगडाला बोटाएवढी पन्हळ कोरलेली, आणि पन्हळ एका चपट्या झाकणाखाली गेलेली. कालोजेरोने झाकण सरकवलं. खाली दगडाची कुंडी. तळाशी चार बोटं पाणी.

"माझा आजा करायचा हे," कालोजेरो हळूच म्हणाला. "बकऱ्यांसाठी. दुष्काळात. वाफेवर झुडपं टाकायची, वाफ फांद्यांना धरते, गार होते, पाणी होतं. चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं मी."

माझ्या आजोबांनीही केलं असणार. मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी मोबाईलमध्ये होते. बेटावर आलेल्या कुणाही पाहुण्याने विचारलं असतं, "अरे, हे काय आहे?" मला विचारायची गरजच वाटली नाही, कारण सुक्या फांद्यांचा ढीग म्हणजे काय हे मला आगीने आधीच शिकवून ठेवलं होतं.

आणि नेमका तेव्हा झू लिबोरियो आला. बारोनेसा पुढे, तो मागे, रिकामे कॅन खुळखुळत. त्याने उचकटलेला ढीग बघितला. जीपवाल्याला बघितलं. माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. गाढविणीला म्हणाला, "घ्या बाईसाहेब, आहे तेवढं. उद्यापासून नाही." ती कुंडीत तोंड घालून प्यायली, आणि आम्ही तिघं शाळेतल्या मुलांसारखे उभे.

मग तो मला म्हणाला, "डाव्या टाचेला झिजलेला बूट. तूच ती."

"झू लिबोरियो, मी..."

"महिनाभर कुणीतरी येतंय. कुंडी अर्धी होतेय. दोरा लावला, तुटला. माती झाडून ठेवली, बुटाचा ठसा. म्हटलं पार्कची पोर, पाणी चोरून शहरातल्या लोकांना पाजतेय."

"मी? मी पाणी चोरीन? मला तर पाणी आहे हेच माहीत नव्हतं!"

"चोर काय सांगणार दुसरं?"

म्हणजे महिनाभर मी त्याच्या मागावर आणि तो माझ्या मागावर. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

कालोजेरोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लिबो, आगीच्या महिन्यांत लाकडाचे ढीग ठेवता येत नाहीत. ओले असोत नाहीतर सुके. मला काढावे लागतील."

"काढ."

"आणि लिहावं लागेल. वय ऐंशीच्या वर म्हटल्यावर घरच्यांना कळवतात."

आत्तापर्यंत तो ताठ होता. या वाक्याला त्याने टोपी काढली. मी त्याचं डोकं पहिल्यांदा बघितलं, अगदी लहान, पिसं काढलेल्या पाखरासारखं. "गास्पारेला नको," तो म्हणाला. "कालो, काय हवं ते लिही. गास्पारेला नको."

पण घरच्यांच्या रकान्यात एकच नाव होतं.

आता झूच्या घरी पाणी का नव्हतं ते सांगते. आमच्याकडे नद्या नाहीत, विहिरी खाऱ्या. प्रत्येक घराचं छप्पर म्हणजे पांढरे घुमट, त्यावर पडलेला पाऊस पन्हळीने घराखालच्या टाक्यात उतरतो, आणि तेच पाणी वर्षभर. म्हणून पावसाआधी छप्पर झाडून, चुना लावून ठेवायचं. नाही लावला तर भेगा पडतात, पाणी भिंतीत जातं, टाकं कोरडं. झूने तीन वर्षं चुना लावला नव्हता. एकदा वर पाय घसरला, आणि त्यानंतर त्याला शिडीची भीती बसली. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. नगरपालिकेच्या ऑफिसातून पाण्याचा टँकर मागवता येतो, पण टँकर गल्लीत शिरला की दहा घरांना कळतं, कुणाचं टाकं आटलं. त्यापेक्षा त्याने पहाटे डोंगर चढून वाफेचं पाणी गोळा करणं पत्करलं. वारा नसला तर दिवसाला पाच लिटरचे दोन कॅन. एक त्याला, एक बारोनेसाला.

मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. सिरोक्को सुटलेला, डोळ्यांत धूळ. हातात पाण्याचे दोन कॅन आणि आईने दिलेली बटाटा-टोमॅटो-केपरची कोशिंबीर.

त्याने दार अर्धंच उघडलं. "कुणाचं पाणी?"

"आमच्या टाक्यातलं."

"आधी तू पी."

"झू लिबोरियो!"

"पी म्हणतो ना."

मी प्यायले. तो माझ्या गळ्याकडे बघत होता, खरंच गिळतेय का ते. मग कोशिंबीर. "खा." मी खाल्ली. "आणखी. तळातला बटाटा खा, वरचा नको." खाल्ला. पाच मिनिटं त्याने मला उंबऱ्यावर उभं ठेवलं. मग म्हणाला, "बरं, मेली नाहीस. ठेव तिथे."

"मला माफ करा."

"ऊन प्यायलं असेल माझी कुंडी," तो म्हणाला. "उन्हाने वाफ उडते. हे माझ्या लक्षात आलंय. पण तुझ्यावरचा संशय मी काढलेला नाही."

गास्पारे रविवारच्या बोटीने आला. पन्नाशीचा, शहरी, इस्त्रीचा शर्ट, आणि डोळे अगदी बापाचे. मी तिथेच होते, पाणी आणून ठेवत होते. त्याने बापाला मिठी मारली, मग काही न बोलता अंगणातल्या टाक्याचं झाकण उचललं आणि दोरीला बांधलेली बादली खाली सोडली. दोरी सुटत गेली, सुटत गेली, आणि खालून आवाज आला, ठण्ण. कोरड्या दगडावर लोखंड. शेजारच्या मळ्यातल्या बाईने मान वर करून बघितलं.

"पप्पा," गास्पारे म्हणाला. "किती दिवस?"

"मेपासून."

"मे! दर रविवारी फोन करतो मी. दर रविवारी विचारतो, सगळं ठीक? तुम्ही म्हणता ठीक!"

"ठीकच होतं. ही येईपर्यंत." माझ्याकडे हनुवटी.

"ही नसती आली तर तुम्ही त्या उतारावर कधीतरी पडला असता आणि मला कावळ्यांनी कळवलं असतं! बॅग भरा. हिवाळा त्रापानीत. फक्त हिवाळा."

फक्त हिवाळा म्हणजे काय ते बेटावर सगळ्यांना कळतं. अशा फक्त हिवाळ्याला गेलेल्यांपैकी मी एकालाही परत आलेलं बघितलेलं नाही. गाढविणीचं काय हे कुणी बोललंच नाही. ती कुंपणापाशी उभी राहून कान हलवत होती, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

म्हातारा दगडी बाकावर बसला. मला वाटलं रडणार. पण तो हिशेबी आवाजात म्हणाला, "येतो. पण घाणेरडं छप्पर टाकून मी घर सोडणार नाही. तुझ्या आईचं घर आहे. चुना लागला की येतो."

"कोण लावणार? तुम्ही चढणार?"

"ही लावेल." परत हनुवटी. "हिनेच केलंय सगळं."

गास्पारेने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणखी काय करणार होते. तो म्हणाला त्याला कामावर जायचंय, पण छप्पर झालं की लगेच कळव, मी येऊन घेऊन जातो.

तर सप्टेंबरभर रोज चारला पार्कची टोपी काढून मी झूच्या छपरावर. तीन घुमट आहेत. आधी खराट्याने झाडायचं, भेगांतलं गवत उपटायचं, मग चुन्याचं पातळ दूध करून मऊ कुंच्याने लावायचं, वाळू द्यायचं, परत लावायचं. तो खाली बाकावर बसून वेताची काठी जमिनीवर आपटत ओरडायचा.

"ए नेल्ला! गोल फिरव! घुमट आहे तो, मांजर नाही, वरून खाली काय कुरवाळतेस!"

"तुम्हाला तिथून दिसतं तरी का?"

"ऐकू येतं. कुंचा कोरडा फिरतोय."

संध्याकाळी उतरले की तपासणी. "तळहात घुमटावर घास आणि दाखव." मी घासायची, दाखवायची. हात पांढरा. "चुना सुटतोय. धरला नाही. उद्या हाच परत."

पहिला घुमट चारदा झाला. दुसरा पाचदा. एकदा कालोजेरो जीपमधून जाता जाता थांबला. "अजून चाललंय? छप्पर रंगवतेस का चर्च बांधतेस?" मी म्हटलं, "चुना धरत नाहीये." तो हसला नाही. झूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हो, यंदाचा चुना वाईटच आहे," आणि गेला.

तेव्हा मला संशय आला. घरी येऊन मी आईला विचारलं, ताजा चुना हाताला लागतो का. आई म्हणाली, "वेडी आहेस का? चुना कधीही हाताला लागतोच. महिन्याभराने घासलास तरी लागेल."

मी रात्रभर चिडले. दुसऱ्या दिवशी ठरवून गेले की तोंडावर विचारीन. गेले, वर चढले, आणि वरून मला तो दिसला. बाकावर बसून आकाशाकडे बघत होता, दक्षिणेकडे, जिकडून आमच्याकडे पाऊस येतो. पाऊस आला आणि टाकं भरलं, तर गास्पारे कुठल्या तोंडाने म्हणणार की इथे पाणी नाही? छप्पर आधी पुरं झालं तर मात्र बोट. म्हणजे तो छपराशी नाही, ढगांशी बोली करत होता. मी काही विचारलं नाही. कुंचा बुडवला आणि तिसऱ्या घुमटाची तीच बाजू परत लावायला घेतली.

त्याने माझी चाल ओळखलीय की नाही, कळलंय का त्याला की मला कळलंय, मला माहीत नाही. मधेच म्हणतो, "आज फार हळू चाललंय तुझं. काय भानगड आहे?" मी म्हणते, "हात दुखतोय." तो डोळे बारीक करून बघतो. गास्पारे मला फोन करतो, "किती राहिलं?" मी म्हणते, "बरंच." तो म्हणतो, "तीन घुमटांना महिना लागतो का?" मी म्हणते, "तुमचे वडील फार चोखंदळ आहेत." तो फोन ठेवतो. त्यालाही संशय आलाय, मला खात्री आहे. काल त्याने सांगितलं, छप्पर होवो न होवो, शनिवारी येतो.

पाऊस अजून नाही. हवामानवाले म्हणतात गुरुवार-शुक्रवार, पण ते मागच्या आठवड्यातही तेच म्हणत होते.

आणि मी सोमवारी जाणार. परीक्षेचा फॉर्म भरायचाय, नाहीतर वर्ष जातं. मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जा. चांगलं आहे. डोक्याला ताप कमी." मग थोड्या वेळाने, बारोनेसाला खरारा करता करता, "मग चारला कोण येणार?" मी म्हटलं माहीत नाही. तो म्हणाला, "नाही, सावध राहायला हवं म्हणून विचारलं."

त्या माणसाला संशय घ्यायला कुणीतरी लागतं. चार वाजता कुणी फाटक वाजवलं नाही तर तो काय करतो ते मी एकदा बघितलंय, आजारी होते म्हणून उशिरा गेले तेव्हा. टोपी हातात घेऊन वाटेकडे तोंड करून उभा होता. मला बघितल्यावर टोपी घातली आणि म्हणाला, "कुठे तोंड काळं केलं होतंस?"

तर तुम्ही मंगळवारी उतरताय. डोंगर कुठे पळून जात नाही, वाफा तर हजारो वर्षं तिथेच आहेत. आधी झू लिबोरियोकडे जा. जिबेलेची पायवाट सुरू व्हायच्या आधीचं शेवटचं घर, कुंपणाशी गाढवीण. फाटकातून हाक मारा, एकदम आत शिरू नका. तो विचारेल कुणी पाठवलं, माझं नाव सांगा, तो शिव्या देईल, देऊ दे. कुंचा शिडीपाशी आहे. तिसऱ्या घुमटाची समुद्राकडची बाजू राहिलीय, सावकाश लावा. जेवढं सावकाश जमेल तेवढं. आणि खाली उतरल्यावर तो चुना धरला नाही म्हणेल तेव्हा वाद घालू नका.

गास्पारे शनिवारी यायच्या आत जा. जमलं तर मंगळवारीच.